उतारावरचा आवाज

"बंद पड! पड एकदाची बंद! मेलीस तर मेलीस!" असं ओरडत पायलटनं स्टेअरिंगवर अशी थाप मारली, की मागच्या फळीवर चढत असलेल्या बायका एक पाय वर, एक पाय खाली अशा जागच्या जागी थबकल्या.

गाडी मेली नाही, पण तिचं काही खरंही नव्हतं. अंगणात उभ्या उभ्या अंगभर थरथरत होती. दाराच्या काचा खडखडत होत्या, मागची साखळी फळीवर आपटत होती. रेस दिली की शहाण्यासारखी सुरात यायची. पाय काढला की पुन्हा ढुक ढुक करत मध्येच एखादा ठोका गाळायची. मागून पांढरा धूर. त्या धुरात कोंबड्या दिसेनाशा झाल्या होत्या.

"अहो, आजच्या दिवस नका नेऊ," चुलीपुढून उठून आलेली थोरली म्हणाली.

"नका नेऊ म्हणे! आणि बटाटा कोण काढणार? तू जाणार का खाली उडत?"

"मिस्त्रीला तरी बोलवा."

"मिस्त्री काय करणार? जुनी गाडी आहे, जरा खोकते. तुझा बाप खोकत नव्हता?"

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. हसण्यासारखं काय होतं त्यांनाच ठाऊक. थोरलीला हसू आलं नाही.

आता हा पायलट म्हणजे थोरलीचा नवरा. विमान त्यानं डोक्यावरून जाताना पाहिलं असेल तेवढंच. पण गाडी चालवणाऱ्याला लोक हौसेनं पायलट म्हणाले, आणि यानं ते जरा जास्तच मनावर घेतलं. गाव डोंगराच्या डोक्यावर. शेतीला पुरेल एवढं पाणी, काळी माती आणि बटाट्याचे मळे सगळे खाली खोऱ्यात. वर नुसता मुरूम, त्यात कुसळसुद्धा नीट उगवायचं नाही. म्हणून गावातल्या बायका सकाळी पायलटच्या पिकअपमध्ये मागं उभ्या राहून काढणीला खाली जायच्या आणि दिवस मावळायला वर यायच्या. मधे रस्ता एकच, डोंगराच्या अंगाला चिकटून गेलेला. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

आणि त्या फळीवर रोज थोरलीची सख्खी धाकटी बहीण असायची. दोघी बहिणी या एकाच घरात दिलेल्या, बहिणींच्या जावा झालेल्या. धाकटीचं स्थळ थोरलीनंच जमवलं होतं. आई नको म्हणत होती, डोंगरावर पोरगी देऊ नये म्हणत होती, तेव्हा थोरलीच पुढं होऊन म्हणाली होती, "मी आहे ना तिथं." ते वाक्य आता तिला रोज सकाळी आठवायचं. गाडी फाटकातून बाहेर पडली की हमखास.

कारण झालं होतं असं. या घरात एक कायदा होता, म्हाताऱ्या सासऱ्यानं घालून दिलेला. उताराला डिझेल जाळायचं नाही. म्हातारा स्वतः उमेदीत ट्रकवर होता आणि दोन्ही पोरांना गाडी त्यानंच शिकवलेली. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी आलं की गियर काढायचा, गाडी न्यूट्रलला टाकायची, आणि पार खालच्या ओढ्याच्या पुलापर्यंत नुसती वजनावर सोडायची. "उतार फुकट दिलाय, तो फुकटच घ्यावा," असं म्हातारा म्हणायचा. पायलट तर त्या सुखाला चटावलेलाच. वारा कानात भरायचा, इंजिन खाली पुटपुटत राहायचं, आणि हा एका हातानं गाडी वळवायचा.

थोरलीला हे सगळं अंगणातून ऐकू यायचं. गाडी टाकीपाशी पोचली की आवाज एकदम बारीक व्हायचा, नाहीसाच. मग बराच वेळ काही नाही. मग खाली पुलाशी पुन्हा घुर्र. त्या मधल्या शांततेत तिचं कामात लक्ष लागायचं नाही. दूध काढत असली तर म्हैससुद्धा मागं वळून बघायची, की ही थांबली का.

आणि मागच्या आठवड्यात त्या शांततेतच घात व्हायचा राहिला. संध्याकाळी धाकटी परत आली ती थेट गोठ्यात, हात न धुता.

"ताई, आज मेलो असतो बघ."

"काय झालं?"

"मधल्या वळणाच्या तोंडाला गाडी बंद पडली. आपोआप. भाऊजींनी ब्रेक दाबला तर ब्रेक दगड झालेला. उभे राहिले गं ते ब्रेकवर, अक्षरशः उभे! हातब्रेक ओढला आणि गाडी दरडीला घासली, म्हणून थांबली. बाकीच्यांना वाटलं चाक पंक्चर झालं. मी केबिनच्या काचेला टेकून होते. मी त्यांचं तोंड बघितलं."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार! खाली उतरून टायरला लाथ मारली आणि म्हणाले, चला, उतरा जरा, हवा बघतो."

पायलटनं घरात चकार शब्द काढला नाही. पण त्या दिवसापासून गाडी दुसऱ्या गियरमध्ये घुमत, गुरगुरत खाली जायला लागली. थोरलीला अंगणात तो आवाज टाकीपासून पुलापर्यंत अखंड ऐकू यायचा. नवरा घाबरलाय हे तिला त्या आवाजावरूनच कळलं. तिला ते फार बरं वाटलं, पण बोलायची सोय नव्हती. पायलट घाबरला असं म्हटलं असतं तर त्यानं दुसऱ्याच दिवशी डोळे मिटून गाडी सोडली असती.

थरथर मात्र रोज वाढत चालली. त्यात आभाळ बिघडलेलं. वारा पडलेला, दुपारी अंगाची लाही, आणि पलीकडच्या डोंगरावर शिशाच्या रंगाचे ढग येऊन नुसते बसलेले. जात नव्हते, पडतही नव्हते. पाऊस झाला तर काढायचा बटाटा जमिनीतच सडणार, म्हणून मळेवाला रोज निरोप पाठवत होता, की आणखी बायका आणा. गाडीत रोज माणूस वाढत होतं.

शेवटी त्याच दिवशी परत येताना चढावर दोनदा बंद पडली, तेव्हा पायलटनं आपण होऊन मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री हा मुलुखाचा तिरसट माणूस. आला तो कुणाशी न बोलता आधी गाडीभोवती एक चक्कर मारून, टायरवर थुंकून, मग म्हणाला, "लाव."

पायलटनं लावली. गाडी थडथडली.

"कधीपासून अशी मिसिंग मारते?"

"झाले काही दिवस. तू तो खालचा स्क्रू फिरव, स्लो जरा वाढव, की काम झालं. मीच केलं असतं, पण म्हटलं तुला दोन घास मिळू देत."

मिस्त्रीनं वाकून बघितलं. "तो तू आधीच फिरवून बसलायस. पान्याचे ताजे ओरखडे आहेत. ताप आला की थर्मामीटर झटकून ठेवणारा माणूस तू. बाजूला हो."

पायलट बाजूला झाला. दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, हात मागं बांधून उभा होता. म्हातारा ओट्यावर. थोरली आणि धाकटी दारात. सगळं घर आजाऱ्याभोवती जमावं तसं बोनेटभोवती जमलं.

मिस्त्रीनं आधी फिल्टर काढला, त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं. पाणी नव्हतं. नवा फिल्टर घातला, थरथर तशीच. इंजिनाखालचे रबर पहार लावून हलवून बघितले. "एक जरा बसलाय, पण हा त्याचा आवाज नाही." मग पाना घेऊन डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलचा नट थोडा थोडा सैल करत गेला. नट सैल केला की डिझेल फसफसायचं आणि इंजिन आणखी अडखळायचं. "हा काम करतोय. हाही करतोय." चारही झाले. चारही कामाचे निघाले.

"म्हणजे आजार पोटात नाही," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "हवा धरतेय कुठूनतरी. पायलट, उताराला गियर काढतोस ना अजून?"

पायलट आभाळाकडे बघायला लागला.

"काढतोस. सगळे काढता तुम्ही. तर ऐक, आणि म्हाताऱ्या, तूही ऐक. हा डबा दिसतो? ब्रेकला जोर इथून मिळतो, आणि याला जोर इंजिन देतं. इंजिन मेलं की एखाददुसरा ब्रेक लागेल, पुढं पाय मोडला तरी लागायचा नाही. गियरमध्ये असली तर चाकंच इंजिनाला फिरवत नेतात, ते मरूच शकत नाही. न्यूट्रलला मेली, की मग गाडी तुझी नाही. ती डोंगराची."

थोरलीनं ते वाक्य न वाक्य ऐकलं. धाकटीनं तिचा पदर मुठीत धरला.

"आम्ही ट्रक सोडायचो तसाच," ओट्यावरून म्हातारा म्हणाला.

"सोडायचात. आणि जे राहिले ते सांगायला बसलेत," मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा बोनेटमध्ये डोकं घातलं. वर आला तेव्हा त्याच्या चिमटीत करंगळीएवढा एक काळा रबरी पाइप होता. तोंडाला फाटून झालर झालेली, वर सुतळी गुंडाळलेली.

"हा परतीचा पाइप. इंजिनाला नको असलेलं डिझेल यातून टाकीत परत जातं. रेस असली की दाबानं भागतं. गाडी हळू झाली, की इथूनच हवा आत ओढते. हा कोण काढतं रोज?"

दीर दोन पावलं मागं सरकला.

"मी विचारतोय, हा उंदरानं सुतळीनं बांधला का?"

"विहिरीवरच्या पाण्याच्या इंजिनाला लागतं कधीकधी," दीर जमिनीकडे बघत म्हणाला. "गाडी चालू करून हा पाइप काढला, की कॅन भरतो."

"अरे गाढवा, टाकीतून घ्यायचं!"

"टाकीला कुलूप आहे."

सगळ्यांच्या माना ओट्याकडे वळल्या. म्हाताऱ्याच्या कमरेच्या करगोट्याला टाकीच्या झाकणाची किल्ली लोंबत होती. डिझेल चोरीला जातं म्हणून त्यानंच कुलूप बसवलं होतं, आणि किल्ली मागायला गेलं की कशाला, किती, कालच तर दिलं, असा सगळा पंचनामा व्हायचा. त्यामुळं किल्ली मागायची कुणाची हिंमत नव्हती.

"मग चोर घरातच आहे म्हणा!" म्हातारा गरजला. "घरातच!"

"ओली लाकडं पेटत नाहीत, मामंजी," थोरली म्हणाली. आता लपवून काय उपयोग होता? "मीपण घेते. बाटलीभर."

"मीपण," धाकटी म्हणाली. "ताईची संपली की."

पायलट हे ऐकून हसायला लागला, तर दीर पटकन म्हणाला, "दादा, तू मित्राच्या गाडीला दिलंस तेव्हा मीच कॅन धरला होता." पायलटचं हसू मध्येच राहिलं. मिस्त्रीनं मात्र आयुष्यात पहिल्यांदा त्या अंगणात दात दाखवले. "धन्य आहे! गाय एक आणि धार काढायला सगळं घर! मग बिचारी थरथरणार नाही तर काय करणार?"

त्यानं फाटका पाइप फेकून दिला, नवा तुकडा कापून बसवला, त्यावर लोखंडी क्लिप कसली, स्क्रू मूळ जागी आणला. पंपावरची दांडी दाबून दाबून हवा काढली. "लाव."

गाडी लागली ती ओळखू येईना. मिस्त्रीनं पाण्यानं भरलेलं तांब्याचं भांडं बोनेटवर ठेवलं. पाणी हललं, पण सांडलं नाही. पायलटच्या तोंडावर अशी कळा आली, की तशी त्याच्या लग्नातही नव्हती. थोरलीसुद्धा हसली. हो, हसली ती. आता सगळं ठीक झालं असंच तिला वाटलं, कुणालाही वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मऊ आवाजात फाटकातून बाहेर पडली. मागं बायका दाटीवाटीनं उभ्या. आदल्या दिवसापेक्षा दोघीतिघी जास्तच. ढग आणखी खाली आले होते, समोरचा डोंगर अर्धा दिसत नव्हता. थोरली शेणाची पाटी घेऊन गोठ्याबाहेर आली आणि सवयीनं कान दिला. गाडी टाकीपाशी गेली.

आणि आवाज तुटला.

बारीक झाला नाही. तुटलाच. इंजिनाची पुटपुटसुद्धा नाही. थोरलीच्या हातातली पाटी कधी खाली गेली तिला कळलं नाही. ती अंगणाच्या दगडी गडग्यापाशी जाऊन उभी राहिली. खाली नुसतं धुकं आणि रस्त्याचा एक तुकडा, त्यावर कुणी नाही. कुठं दगड घरंगळला तरी ती गडग्यावरून वाकून बघत होती. ओरडावं तर कुणाला? थांबवावं तर कसं? तिला मेलेल्या आईचा चेहरा दिसला, आणि आई विचारत होती, तू होतीस ना गं तिथं? मग एकदाचा खालून पुलाशी घुर्र आवाज आला. ती तिथंच मुरमावर बसली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गाठलंच. "आज उताराला गाडी बंद केली होती?"

"किल्लीच फिरवली!" पायलट खुशीत होता. "आता काय, एका हाकेला लागते. मग चालू तरी कशाला ठेवायची? डिझेल चोरायला घरचेच टपलेत, कुठंतरी वाचवायला नको?"

"मिस्त्री काय म्हणाला ते ऐकलंत ना? ब्रेक लागत नाही म्हणाला."

"मिस्त्रीला गाडी दुरुस्त करता येते. चालवता मला येते."

"मागच्या आठवड्यात मधल्या वळणाला काय झालं होतं?"

पायलटनं वळून धाकटीकडे एक नजर टाकली. धाकटी ताट घेऊन आत गेली. "तेव्हा गाडीत दोष होता," तो म्हणाला. "तो काढला. विषय संपला."

"ऐकावं माझं. तुमच्या पाया पडते. पोरीबाळी आहेत मागं."

"तुझ्या डोक्यात हवा शिरलीय. तुलाच मिस्त्रीकडे न्यायला पाहिजे." आणि तो स्वतःच्याच विनोदावर हसत पाय धुवायला गेला.

सासऱ्याला सांगून बघितलं. म्हातारा म्हणाला, "माझं पोरगं आहे ते, माझ्या हाताखाली शिकलंय," आणि कूस बदलली. दिराला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, दादानं आजवर कुणाचं ऐकलंय का, आता ऐकेल?" राहिली धाकटी.

"तू जाऊ नकोस उद्यापासून. दुखतंय म्हणून सांग."

"मी नाही गेले तर बाकीच्या उतरणार का गाडीतून?" धाकटी म्हणाली. "आज वळणावर शेळ्या आडव्या आल्या, ताई. पहिला ब्रेक लागला. दुसरा नाही लागला. शेळ्याच पळाल्या म्हणून. बायका ओरडल्या आणि मग हसायला लागल्या. मीपण हसले. काय करणार?"

थोरली चुलीपुढं बसली. भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. गाडी आजारी होती, तेव्हा नवरा तिला जपून नेत होता. गाडी बरी झाली आणि माणूस बिघडला. हे तिला जितकं स्वच्छ दिसत होतं, तितकं घरात दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं. म्हणजे आता जे करायचं ते आपणच, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पायलट तोंड धुवायला मागं गेला, आणि थोरली बोनेटपाशी गेली. ते कसं उघडतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. बाटलीभर डिझेल काढून काढून हात तयार झालेला. नवा पाइप, नवी क्लिप. कांदा चिरायच्या सुरीचं टोक तिनं क्लिपच्या स्क्रूत घातलं आणि फिरवलं. सुरी दोनदा निसटली. मिस्त्री चुकला असेल तर? गियरमध्ये असूनही मेली तर? त्या फळीवर उभ्या असणाऱ्या प्रत्येकीचं तोंड तिच्यासमोर येऊन गेलं. तिनं पाइप कणभर मागं ओढला, पूर्ण काढला नाही, आणि बोनेट अंगाचं वजन टाकून आवाज न करता मिटवलं.

गाडी लागली, आणि थडथडली. काचा खडखडल्या. पांढरा धूर अंगणभर.

"त्या मिस्त्रीच्या तर!" पायलट ओरडला. "एक दिवस! एक दिवस टिकलं त्याचं काम!"

"आज राहू द्या मग," थोरली म्हणाली.

"राहू द्या कसं? आभाळ बघ वर!"

गाडी गेली. थोरली गडग्यापाशी. टाकी आली. आवाज थांबला नाही. दुसऱ्या गियरची ती जुनी गुरगुर, घोगरी, नकोशी, उतारभर घुमत राहिली. मधलं वळण आलं आणि गेलं. पुलाशी पोचली. थोरलीनं डोळे पुसले आणि कालपासून तशीच पडलेली शेणाची पाटी उचलली.

दुपारी पायलट मिस्त्रीला जवळजवळ गचांडी धरूनच घेऊन आला. वाटभर, गावभर त्याचा उद्धार करून झाला होता. अपमानानं मिस्त्रीचं तोंड काळंठिक्कर पडलेलं. त्यानं बोनेट उघडलं, आत हात घातला आणि हात तसाच राहिला. क्लिपच्या स्क्रूवर सुरीचे ओरखडे होते, आणि पाइपला कांद्याचा वास.

त्यानं मान वर करून बघितलं. थोरली दारात उभी होती. तिनं नजर खाली घातली नाही.

"पायलट, पाणी आण प्यायला," मिस्त्री म्हणाला. "माठातलं नको. विहिरीचं."

पायलट बडबडत विहिरीकडे गेला, तशी मिस्त्रीनं दबक्या आवाजात तोंड उघडलं. "वहिनी, हे काय केलंत? माझं नाव घालवलंत गावात."

"काल किल्ली बंद करून सोडली त्यांनी गाडी. पूर्ण उतार. बहीण आहे माझी मागं. तुम्हीच म्हणालात, गियरमध्ये असली तर मरत नाही. थरथरली, तरच ते गियर सोडत नाहीत. मी काय करू? सांगा, काय करू?"

मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं, मग खाली धुक्यात गेलेल्या रस्त्याकडे. त्या रस्त्यानं त्याचा स्वतःचा मेहुणा नेला होता हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त त्याच्यापुढं कुणी बोलत नसे.

"पण अशी नाही बिघडवायची," तो शेवटी म्हणाला. "हवेनं पंप खराब होईल, चढाला बंद पडेल, आणि मागं घसरली तर दुसरंच काहीतरी. सरका. बिघडवायची, तर नीट बिघडवू."

त्यानं पाइप जागेवर बसवून क्लिप पुन्हा कसली. मग खालचा, उभ्या गाडीचा वेग ठरवणारा तो स्लोचा स्क्रू हळूहळू मागं घेतला. गाडीला कळ लागल्यासारखी थरथर सुटली, पाय काढला की मरायच्या बेताला, रेस दिली की खणखणीत. त्यानं दोनतीनदा ऐकलं, कणभर आणखी मागं घेतला, आणि मग कानस काढून त्या स्क्रूचं डोकं पार घासून टाकलं. आता त्याला कुणाचा पाना लागणार नव्हता. दुरुस्ती करत म्हातारा होत आलेला माणूस तो, पण इतक्या काळजीनं त्यानं कुठलं इंजिन नीट केलं नसेल.

पायलट पाण्याचा तांब्या घेऊन आला. "काय निघालं?"

"म्हातारं झालंय इंजिन. हे आता असंच राहणार."

"म्हणजे तुला जमत नाही!"

"नाही जमत," मिस्त्री म्हणाला. "न्यूट्रलला टाकलीस की बंद पडेल. किल्ली फिरवलीस तर वळणावर परत लागेल याचा भरवसा नाही. गियरमध्ये ने. नाहीतर दुसरा मिस्त्री बघ."

"बघतोच! तुझ्यासारखे छप्पन पडलेत!"

मिस्त्रीनं पाणी पिऊन हत्यारं पिशवीत टाकली. फाटकाशी थोरली म्हशीला घेऊन उभी होती. तिच्याजवळून जाताना तो न थांबता म्हणाला, "वहिनी, गाडी चांगली चालायला लागली, तर लगेच निरोप पाठवा."

दुसऱ्या दिवशीही आभाळ तसंच होतं. गाडी थडथडत उभी राहिली, बायका चढल्या, धाकटी काचेला टेकून उभी राहिली. पायलटनं मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, फळीवरच्या बायकांनीही त्याला दुजोरा दिला, की हो बाई, त्या मेल्याला कवडीचं येत नाही. थोरलीनंही मान हलवली. मग गाडी गुरगुरत टाकीकडे निघाली आणि ती गडग्यापाशी जाऊन पार पुलापर्यंत ऐकत राहिली.